एका जहाजाची सहा नावं

एप्रिल २०१९ मध्ये ‘कर्णिका’ मुंबईहून आपल्या पहिल्या सफरीला निघालं. नाव नवं होतं, कंपनी नवी होती, स्वयंपाकघरं नव्याने लावलेली होती आणि मुंबईला कायमचा मुक्काम ठेवणारं एवढं मोठं पर्यटन-जहाज हीसुद्धा शहराला नवीच गोष्ट होती. जहाज मात्र एकोणतीस वर्षांचं होतं. ‘कर्णिका’ हे त्याचं सहावं नाव. त्याआधी ते अमेरिकन प्रवाशांसाठी कॅरिबियन समुद्रात फिरलं होतं, जर्मनांसाठी बाल्टिक आणि भूमध्य समुद्रात, ब्रिटिशांसाठी पुन्हा भूमध्यात आणि ऑस्ट्रेलियनांसाठी दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवर.

एवढ्या नावांमधून एकच जहाज ओळखायचं तर त्याच्या आयएमओ क्रमांकाकडे बघावं लागतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८७ मध्ये ही पद्धत स्वीकारली आणि १९९६ पासून ती बंधनकारक केली. जहाजाला मिळालेला सात आकडी क्रमांक पोलादाला कायमचा चिकटतो. मालक बदलो, झेंडा बदलो, नाव बदलो, क्रमांक तोच राहतो. या जहाजाचा क्रमांक होता ८५२१२२०. खोटा क्रमांक सहज ओळखता यावा म्हणून त्यात एक साधा हिशेब दडवलेला असतो. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे सात, सहा, पाच, चार, तीन आणि दोन यांनी गुणायचं आणि गुणाकारांची बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा आणि क्रमांकाचा सातवा आकडा जुळलाच पाहिजे. इथे बेरीज येते ११० आणि सातवा आकडा आहे शून्य.

या क्रमांकाचा प्रवास इटलीच्या ईशान्य टोकाला, त्रिएस्तेजवळच्या मोनफाल्कोने गावात सुरू झाला. एड्रियाटिक समुद्राच्या अगदी उत्तरेला असलेल्या या गावाची ओळखच मुळी गोदी ही आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात असताना, कोसुलिख घराण्याने ही गोदी उभारली. दोन महायुद्धं आणि बदललेल्या सीमा पचवून ती टिकली. १९८० च्या दशकात मात्र तिच्यापुढे कामाचा प्रश्न होता. तेलवाहू आणि मालवाहू जहाजांच्या मागण्या जपान आणि कोरियाकडे वळल्या होत्या, आणि १९६६ मधल्या ‘युजेनियो सी’नंतर इटलीत मोठं प्रवासी जहाज बांधलंच गेलं नव्हतं. अशा वेळी फिनकांतिएरी कंपनीला ‘सितमार’कडून दोन पर्यटन-जहाजांची मागणी मिळाली.

सितमार ही अलेक्सांद्र व्लासोव्ह या रशियन निर्वासिताने उभी केलेली कंपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून ऑस्ट्रेलियात स्थायिक व्हायला निघालेल्या हजारो कुटुंबांना तिच्या जहाजांनी सिडनी-मेलबर्नला नेऊन सोडलं होतं. विमानांनी तो धंदा हिरावून घेतला, तेव्हा कंपनी सहलींकडे वळली. तिला आता अमेरिकेच्या बाजारात मोठी उडी घ्यायची होती. आराखड्यासाठी तिने रेंझो पियानो यांना निवडलं. पॅरिसचं पाँपिदू केंद्र रिचर्ड रॉजर्स यांच्यासोबत उभारणारे, आणि पुढे लंडनचा ‘शार्ड’ मनोरा रचणारे हेच ते वास्तुकार. पियानो जेनोवाचे, बंदराच्या गावात वाढलेले. त्यांनी जहाजाचा पुढचा वरचा भाग डॉल्फिनच्या कपाळासारखा गोलाकार केला आणि त्या घुमटाखाली समुद्राकडे उघडणारं प्रशस्त दालन ठेवलं. सुमारे २४५ मीटर लांब, सत्तर हजार टनांच्या आसपास आणि साधारण सोळाशे प्रवाशांचं हे जहाज. पुढच्या तिन्ही दशकांत नावं कितीही रंगवली-खरवडली गेली, तरी त्या कपाळामुळे ते लांबूनही ओळखू यायचं.

ते पाण्यात उतरेपर्यंतच पहिला बदल होऊन गेला होता. सितमार १९८८ मध्ये ब्रिटनच्या ‘पी अँड ओ’ने विकत घेतली आणि जहाजं आली ‘प्रिन्सेस क्रूझेस’ या तिच्या अमेरिकन शाखेकडे. १९८९ मध्ये फ्रान्सच्या सेंट नाझेअर गोदीत सितमारसाठीच बांधलेलं ‘स्टार प्रिन्सेस’ निघालं. १९९० मध्ये मोनफाल्कोनेहून ‘क्राउन प्रिन्सेस’ आलं. हेच आपलं जहाज. १९९१ मध्ये त्याचं जुळं, ‘रीगल प्रिन्सेस’. त्याचं नामकरण मार्गारेट थॅचर यांच्या हस्ते न्यूयॉर्कमध्ये झालं. ही तीन भावंडं पुढे तीन वाटांनी गेली. कोणतं जहाज किती जगतं आणि का, हे पाहायला त्यांच्याइतका चांगला नमुना सापडणं कठीण.

प्रिन्सेसचं नाव तेव्हा अमेरिकेत घरोघरी पोचलेलं होतं. ‘द लव्ह बोट’ या दूरचित्रवाणी मालिकेने १९७७ पासून जवळजवळ दहा वर्षं कंपनीच्या ‘पॅसिफिक प्रिन्सेस’ या जहाजाला दर आठवड्याला दिवाणखान्यात आणलं होतं. समुद्रपर्यटन म्हणजे फक्त अतिश्रीमंतांची चैन, ही समजूत त्या मालिकेने बरीच पुसली. ‘क्राउन प्रिन्सेस’ वाढत्या गर्दीसाठीच बांधलेलं होतं. कॅरिबियन बेटं आणि अलास्काच्या हिमनद्या हे त्याचं क्षेत्र. रुंदी बत्तीस मीटरच्या जरा वर ठेवलेली, म्हणजे पनामा कालव्याच्या जुन्या जलपाशांमधून ते जेमतेम पार होईल आणि दोन महासागरांत हंगामाप्रमाणे ये-जा करील.

मग ते जुनं कधी झालं? पोलाद गंजलं तेव्हा नव्हे. ‘सन प्रिन्सेस’ १९९५ मध्ये आलं आणि त्यात चारशेहून अधिक खोल्यांना स्वतःची बाल्कनी होती. १९९६ मध्ये ‘कार्निव्हल डेस्टिनी’ने एक लाख टनांची मर्यादा ओलांडली. १९९८ मध्ये प्रिन्सेसचंच ‘ग्रँड प्रिन्सेस’ एक लाख नऊ हजार टनांचं निघालं. म्हणजे आठ वर्षांत ‘क्राउन प्रिन्सेस’ स्वतःच्याच घरात लहान ठरलं. बाल्कनीची खोली जास्त भाड्याने जाते, आणि जुन्या जहाजाच्या पोलादी भिंतीत शेकडो बाल्कन्या नव्याने काढणं परवडत नाही. शिवाय मोठ्या जहाजात प्रत्येक प्रवाशामागे इंधन, कप्तान आणि इंजिनखात्याचा खर्च कमी पडतो. यंत्रं ठणठणीत असतात, पण हिशेबाच्या वहीत जहाज म्हातारं होतं.

अशा जहाजांसाठी या धंद्यात एक उतरंड ठरलेली असते. ज्या बाजारात स्पर्धा सगळ्यांत तीव्र, तिथून जहाज निघतं आणि जिथे प्रवाशांना बाल्कनीची सवय अजून लागलेली नाही, तिथे जातं. २००२ मध्ये हे जहाज जर्मनीला गेलं आणि ‘आरोझा ब्लू’ झालं. रोस्टोकहून चालणाऱ्या ‘आरोझा’ या शाखेचा रोख आरामापेक्षा हिंडण्या-फिरण्याची हौस असलेल्या पाहुण्यांवर होता. दोनच वर्षांत, २००४ मध्ये, ते ‘आयडा’ या शाखेकडे जाऊन ‘आयडाब्लू’ झालं. आयडाच्या जहाजांच्या नाळेवर रोस्टोकचे चित्रकार फेलिक्स ब्यूटनर यांनी रेखाटलेले लाल ओठ असतात आणि त्यापासून दोन्ही बाजूंना डोळे. ते आता पियानोंच्या डॉल्फिनवर उमटले. आत बदल आणखी मोठा होता. अमेरिकन पद्धतीत ठरल्या वेळी, ठरल्या टेबलावर, बरा पोशाख करून जेवायला बसायचं. आयडाच्या पद्धतीत बुफे, कोणीही कुठेही बसावं, पोशाखाची सक्ती नाही. म्हणजे भटारखान्यातून ताटं नेण्याची वाट, वाढप्यांची संख्या, खुर्च्यांची मांडणी, दिशादर्शक पाट्यांची भाषा आणि संकटकाळच्या सूचना, सगळंच बदललं.

२००७ मध्ये ते ब्रिटिश प्रवाशांसाठी ‘ओशन व्हिलेज टू’ झालं. ‘ओशन व्हिलेज’ हे क्रूझ न आवडणाऱ्यांसाठीचं क्रूझ होतं. वरच्या डेकवर हवाई कसरती करणारे कलावंत, किनाऱ्यावर सायकलसहली आणि जेवणाला पुन्हा बुफे. याच नावाचं पहिलं जहाज होतं थोरलं भावंड, पूर्वीचं ‘स्टार प्रिन्सेस’. पण ही शाखाही टिकली नाही. २००९ च्या अखेरीस ‘ओशन व्हिलेज टू’ दक्षिण गोलार्धात पोचून ‘पॅसिफिक ज्युएल’ बनलं. कसरतींचं रिंगण त्याच्यासोबत तसंच गेलं.

सिडनीत एक विलक्षण योग जुळून आला. ‘रीगल प्रिन्सेस’ २००७ मध्येच ‘पॅसिफिक डॉन’ म्हणून ऑस्ट्रेलियात आलं होतं आणि २०१० मध्ये ‘ओशन व्हिलेज’ही ‘पॅसिफिक पर्ल’ नावाने दाखल झालं. सितमारने मागवलेली तिन्ही जहाजं वीस वर्षांनी एकाच ताफ्यात एकत्र आली, तीही ज्या देशात सितमारने एकेकाळी निर्वासित आणि स्थलांतरित पोचवले होते त्याच देशात. न्यू कॅलेडोनियातलं नुमेआ, वानुआतूचं पोर्ट व्हिला, इल दे पॅं या बेटांच्या सफरी आणि दोन-तीन रात्रींच्या छोट्या फेऱ्या हे त्यांचं काम झालं. ‘पॅसिफिक ज्युएल’वर ऑस्ट्रेलियातले नामवंत शेफ ल्यूक मँगन यांचं ‘सॉल्ट ग्रिल’ होतं. प्रवासी मोठ्या संख्येने पहिल्यांदाच जहाजावर पाऊल ठेवणारे. त्यांना जहाजाचं वय कोणी सांगितलं नसतं तर कळलंही नसतं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. या पाच नावांमध्ये खरेदी-विक्री जवळजवळ झालीच नव्हती. पी अँड ओने २००० मध्ये आपला पर्यटन-जहाजांचा धंदा ‘पी अँड ओ प्रिन्सेस’ म्हणून वेगळा काढला आणि २००३ मध्ये तो अमेरिकेच्या कार्निव्हल समूहात गेला. आरोझा ब्लू, आयडाब्लू, ओशन व्हिलेज टू आणि पॅसिफिक ज्युएल ही सगळी एकाच मोठ्या छत्राखालची नावं. रिकामी झालेली नावंसुद्धा घरातच फिरत राहिली. २००६ मध्ये मोनफाल्कोनेलाच दुसरं ‘क्राउन प्रिन्सेस’ बांधलं गेलं, आणि २०१० मध्ये जर्मनीत नवं ‘आयडाब्लू’.

मोठं छत्र म्हणजे नेमकं काय, हे जहाजावर काम करणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. प्रवासी जहाजाला पाच वर्षांतून एकदा सखोल तपासणी पार करावी लागते. जहाज सुक्या गोदीत चढवतात, तळ खरवडतात, पत्र्यांची जाडी यंत्राने मोजतात आणि झिजलेले पत्रे कापून नवे बसवतात. वय वाढतं तसे मोजमापाचे बिंदू वाढतात. नियमही थांबत नाहीत. आग लवकर पकडणाऱ्या सामग्रीबद्दलचे कडक नियम ऑक्टोबर २०१० पासून सगळ्या जुन्या प्रवासी जहाजांना लागू झाले आणि अनेक नामांकित जहाजांचा शेवट त्यानेच ओढवला. जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. अनेक जहाजांच्या समूहाला हा खर्च वाटून घेता येतो. एका जहाजाचा सुटा भाग दुसऱ्याला मिळतो, एखादं जहाज महिनाभर गोदीत गेलं तरी बाकीची कमावत असतात, आणि कर्मचाऱ्यांना दुसऱ्या जहाजावर पाठवता येतं.

ऑगस्ट २०१८ मध्ये ‘पॅसिफिक ज्युएल’च्या विक्रीची घोषणा झाली, आणि मार्च २०१९ मध्ये ते ऑस्ट्रेलियातून निघालं. खरेदीदार होती एस्सेल समूहाचे सुभाष चंद्रा यांच्याशी संबंधित ‘झेन क्रूझेस’ ही कंपनी. तिच्या ‘जलेश क्रूझेस’ या नावाखाली ते चालणार होतं आणि प्रमुखपदी होते या धंद्यात मुरलेले युर्गेन बैलोम. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच जहाज छत्राबाहेर पडलं. आता ते ताफ्यातलं एक राहिलं नव्हतं, तोच सगळा ताफा होता.

मुंबईला हे जहाज आलं याचं मोल कमी लेखू नये. या किनाऱ्याने बोटीचा प्रवास चांगला अनुभवलेला होता. कोकणची पिढ्यान्‌पिढ्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने ये-जा होती आणि मुंबई-गोवा जलवाहतूक विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळापर्यंत कमी-अधिक चालू होती. २००५ नंतर काही काळ स्टार क्रूझेसचं ‘सुपरस्टार लिब्रा’ मुंबईहून निघत असे. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ या जपानी बांधणीच्या जहाजाने मुंबई-गोवा मार्ग पुन्हा सुरू केला. पण ‘कर्णिका’ आंग्रियाच्या दसपटीने मोठं होतं, जवळजवळ दोन हजार माणसांचं तरंगतं गाव. शाकाहारी आणि जैन जेवणासाठी स्वतंत्र व्यवस्था होती. ज्या भटारखान्यात मांसाहारी बुफे आणि स्टेकची तयारी झालेली, तिथे वेगळी भांडी, वेगळे ओटे, वेगळी साठवण ठेवणं हे नुसतं पदार्थांच्या यादीत बदल करण्याइतकं सोपं काम नसतं. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्यांचं कुटुंब एकत्र सहलीला येणार, हे ओळखून केलेली ही मांडणी होती.

मुंबई-गोवा अंतर समुद्रमार्गे सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. संध्याकाळी बॅलार्ड पिअरहून टगांच्या मदतीने जहाज सुटतं, गोद्या आणि गेटवे मागे पडतात. कुलाब्याचं टोक ओलांडलं की उजव्या हाताला खडकावरचं प्रोंग्जचं दीपगृह आणि डावीकडे, थळ-अलिबागच्या दिशेला, खांदेरी-उंदेरीचे किल्ले येतात. त्यानंतर मोठी जहाजं किनाऱ्यापासून बरीच आत चालतात. रायगड आणि रत्नागिरीचे किल्ले डावीकडे आहेत हे नकाशात कळतं, डोळ्यांना दिसतात ते मासेमारीच्या ट्रॉलर्सचे विखुरलेले दिवे. ब्रिजवरच्या अधिकाऱ्यांचं रात्रभराचं खरं काम तेच असतं, कारण कोकणपट्टीच्या समुद्रात जाळी टाकून बसलेल्या होड्यांची दाटी फार. सकाळी डावीकडे आग्वादचा डोंगर आणि उजवीकडे मुरगावचं भूशिर यांच्या मधून जहाज बंदरात शिरतं. धक्क्यावर बसगाड्या उभ्या असतात आणि लोक जुन्या गोव्याकडे, मंगेशीकडे किंवा थेट किनाऱ्यांकडे पांगतात.

गोव्याचा या धंद्याशी संबंध मात्र पर्यटनापलीकडचा आहे. पी अँड ओच्या आगबोटींवर गोव्याचे खानसामे, वाढपी आणि बेकर पिढ्यान्‌पिढ्या नोकरीला होते. बोटीची वाट पाहत त्यांनी मुंबईत धोबी तलाव परिसरातल्या ‘कूड’ नावाच्या गावकीच्या क्लबांमध्ये दिवस काढले. सासष्टी आणि बारदेशातली कितीतरी घरं या तारवट्यांच्या पगारावर उभी आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातही ‘मुलगा शिपवर आहे’ हे वाक्य परकं नाही. घरची माणसं ज्या धंद्यात परदेशी कंपन्यांसाठी राबली, त्या धंद्याचं एक जहाज आता मुंबईहून सुटत होतं, याचं अप्रूप वाटणं स्वाभाविकच होतं.

अडचण अशी की पश्चिम किनाऱ्यावर हंगाम ऑक्टोबर ते मे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की अरबी समुद्र खवळतो आणि सहलीचं जहाज इथून हलवावं लागतं. ताफा असलेली कंपनी त्या महिन्यांत जहाज सहज दुसरीकडे लावते, तिथे तिची कार्यालयं आणि गिऱ्हाइकं आधीच असतात. एकट्या जहाजाला दर पावसाळ्यात अनोळखी बाजारात जाऊन उभं राहावं लागतं. त्यात जम बसायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि ‘कर्णिका’ला एक वर्षसुद्धा मिळालं नाही. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि जगभरची पर्यटन-जहाजं एकाच आठवड्यात थांबली.

थांबलेलं जहाज म्हणजे बंद केलेलं हॉटेल नव्हे. दिवे, पंप, अग्निशमन, सांडपाण्याची यंत्रणा यांसाठी जनित्र चालू ठेवावंच लागतं. कायद्याने ठरलेली किमान माणसं जहाजावर हवीतच. बंदराचं भाडं, विमा आणि इंधनाची बिलं येत राहतात. त्या एप्रिल-मे महिन्यांत मुंबईच्या समुद्रात आणि जगभरच्या बंदरांबाहेर हजारो भारतीय खलाशी, त्यांत शेकडो गोवेकर, किनाऱ्यावर उतरण्याच्या परवानगीची वाट पाहत होते.

जलेशची देणी थकली, जहाज न्यायालयीन आदेशाने अडकवलं गेलं आणि २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत कंपनीचा कारभारच बंद पडला. जहाजाची अटक ही जमिनीवरच्या वसुलीहून वेगळी गोष्ट आहे. सागरी कायद्यात दावा थेट जहाजावरच करता येतो. मालक परदेशात असो की कागदोपत्री कंपन्यांच्या साखळीमागे लपलेला असो, जहाज समोर उभं असतं आणि न्यायालयाने पकड आदेश काढला की ते जागचं हलत नाही. भारतात यासाठी २०१७ चा नाविक अधिकारिता कायदा आहे, जो एप्रिल २०१८ पासून लागू झाला. त्यात दाव्यांचा क्रम ठरवलेला आहे. सर्वांत आधी खलाशी आणि अधिकाऱ्यांचा पगार, मग जीवितहानी आणि दुखापतीची भरपाई, मग बुडण्यापासून वाचवणाऱ्यांचा मोबदला, मग बंदराची देणी. कर्ज देणाऱ्या बँकेचा नंबर त्यानंतर. न्यायालयाने विकलेलं जहाज नव्या मालकाला सर्व बोज्यांपासून मुक्त मिळतं. पगाराला पहिला मान देणारी ही तरतूद अत्यंत न्याय्य आहे. ज्याने इंजिनखान्यात महिने काढले, त्याच्यापाशी बँकेसारखे दुसरे गहाण नसतात. २०१७ पासून आंतरराष्ट्रीय कामगार कराराने मालकांना आणखी एका गोष्टीची सक्ती केली आहे. जहाज वाऱ्यावर सोडलं गेलं तर चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतण्याचा खर्च भागेल अशी विमाहमी त्यांना जहाजावर ठेवावी लागते.

विकायला काढलं तेव्हा ‘कर्णिका’ला नव्या मालकाची शक्यता उरली नव्हती. जगातली शेकडो पर्यटन-जहाजं नांगरून पडलेली, त्यामुळे तिशीतलं जहाज चालवायला कोण घेणार? अशा वेळी किंमत ठरते ती पोलादाच्या वजनावर, ‘एलडीटी’ या मापाने. ‘कर्णिका’ नोव्हेंबर २०२० मध्ये गुजरातमधल्या अलंगला गेलं.

भावनगरच्या दक्षिणेला, खंभातच्या आखातावरचा हा किनारा १९८३ पासून जहाजं मोडतो. दहा मीटरांच्या आसपास जाणारी भरती-ओहोटी आणि लांबवर हळूहळू उतरत जाणारा समुद्रतळ, या दोन गोष्टींनी ही जागा निवडली. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज पूर्ण वेगाने नेमून दिलेल्या पट्ट्यात घुसवतात. पाणी ओसरलं की ते चिखलात उघडं पडतं. आधी तेल आणि घातक पदार्थ काढायचे, मग आतलं सामान, मग गॅस कटरने नाळेकडून तुकडे पाडायचे. पत्रे भावनगर-सिहोर परिसरातल्या रोलिंग मिलमध्ये जाऊन सळया होतात. सामान जातं त्रापज-अलंग रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या ‘खाडा’ म्हणवणाऱ्या दुकानांत, जिथे गाद्या, क्रॉकरी, व्यायामाची यंत्रं आणि जीवरक्षक होड्या वेगवेगळ्या विकायला मांडलेल्या असतात. कामगार उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड आणि ओडिशातून आलेले. त्यांच्या जिवावरच हा धंदा उभा आहे आणि त्याची किंमत त्यांनी अपघातांत आणि आजारांत मोजलेली आहे. २००६ मध्ये ‘ब्लू लेडी’, म्हणजे फ्रान्सचं एकेकाळचं भूषण ‘एसएस फ्रान्स’, इथे आलं, तेव्हा त्यातल्या ॲस्बेस्टॉसचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९ मध्ये भारताने जहाज पुनर्चक्रण कायदा केला, आणि जहाजातल्या घातक पदार्थांची यादी सक्तीची करणारा हाँगकाँग करार जून २०२५ मध्ये अमलात आला.

‘कर्णिका’ आलं त्या हंगामात अलंग गजबजलेलं होतं. सप्टेंबरमध्ये विमानवाहू ‘विराट’ याच किनाऱ्याला लागली होती. थोरलं भावंड ‘पॅसिफिक पर्ल’ २०१७ मध्ये ब्रिटनच्या सीएमव्ही कंपनीकडे ‘कोलंबस’ म्हणून गेलं होतं. सीएमव्ही जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीत निघाली, लिलावात जहाज ग्रीसच्या सीजेट्सने घेतलं आणि एप्रिल २०२१ मध्ये तेही अलंगला पोचलं. फ्रान्स आणि इटलीत बांधलेली, सिडनीत एकत्र आलेली दोन जहाजं अखेर सुमारे पाच महिन्यांच्या अंतराने गुजरातच्या एकाच चिखलात कापली गेली.

तिसऱ्याचं नशीब मात्र निराळं निघालं. ‘पॅसिफिक डॉन’ही सीएमव्हीकडेच जायचं होतं, ‘एमी जॉन्सन’ या नावाने. कंपनी बुडाल्यामुळे व्यवहार फिसकटला. मग पनामाच्या किनाऱ्याजवळ बिटकॉइनवाल्यांची तरंगती वस्ती वसवू पाहणाऱ्या ‘ओशन बिल्डर्स’ने ते घेतलं आणि ‘सातोशी’ नाव दिलं. जहाज अटलांटिक ओलांडत असतानाच योजना कोसळली, कारण त्याला विमा द्यायला कोणी तयार होईना. भंगाराचा विचार झाला, पण तेवढ्यात २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये नव्याने सुरू होणाऱ्या ‘अँबॅसडर क्रूझ लाइन’ला ते पसंत पडलं. एप्रिल २०२२ मध्ये ‘अँबियन्स’ नावाने ते लंडनजवळच्या टिलबरीहून हँबर्गला निघालं. ‘कर्णिका’चं जुळं, त्याच गोदीत, त्याच आराखड्यावर, एका वर्षाच्या अंतराने बांधलेलं. पोलादाचं वय जवळजवळ एकच होतं. फरक पडला तो कोणत्या महिन्यात कोणाच्या हाती आणि कोणत्या देण्यांसह सापडलं यात.

मुंबईतही या धंद्याची गोष्ट संपलेली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया क्रूझेस’ने मुंबईहून ‘एम्प्रेस’ सुरू केलं, आणि तिच्या प्रमुखपदी पुन्हा युर्गेन बैलोमच होते. ‘एम्प्रेस’ही १९९० चंच, ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून सेंट नाझेअरला बांधलेलं, आणि रॉयल कॅरिबियन व पुलमंतूर अशा हातांतून इथे आलेलं. आकाराने ते ‘कर्णिका’पेक्षा लहान, साधारण साडेअठ्ठेचाळीस हजार टनांचं. मुंबई, गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरींनी ते उभं राहिलं.

पुढे या कंपनीने नॉर्वेजियन क्रूझ लाइनकडून आणखी दोन जहाजं दीर्घ भाडेकरारावर घेण्याचं जाहीर केलं. १९९९ चं ‘नॉर्वेजियन स्काय’ २०२६ मध्ये आणि २००१ चं ‘नॉर्वेजियन सन’ २०२७ मध्ये भारताच्या सेवेत आणायचं असं ठरलं. एका जहाजाच्या जागी तीन असतील, तर सुट्या भागांचा, गोदीच्या दिवसांचा आणि कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांचा हिशेब बदलतो, आणि ‘कर्णिका’ला जे मिळालं नाही ते यांना मिळू शकतं. यातल्या ‘स्काय’चा इतिहास तर पाण्यात उतरण्याआधीच सुरू झाला होता. जर्मनीतल्या ब्रेमर वल्कन गोदीत ते ‘कोस्ता ऑलिंपिया’ म्हणून बांधायला घेतलं होतं. १९९६ मध्ये गोदीच दिवाळखोरीत निघाली, अर्धवट सांगाडा पडून राहिला आणि नॉर्वेजियनने तो घेऊन ब्रेमरहाफेनला पुरा करून घेतला. मधली काही वर्षं ते हवाईच्या बेटांमध्ये ‘प्राइड ऑफ अलोहा’ होतं आणि २००८ मध्ये पुन्हा ‘नॉर्वेजियन स्काय’ झालं.